घोरणे थांबते तेव्हा

१८७७ साली लंडनच्या सेंट मेरीज रुग्णालयातील डॉक्टर विल्यम ब्रॉडबेंट यांचा एक लेख ‘लॅन्सेट’मध्ये छापून आला. मेंदूत रक्तस्राव झालेल्या रुग्णांच्या श्वासाची लय कशी बिघडते, हा त्याचा विषय. लिहिता लिहिता त्यांनी एक साधे निरीक्षण नोंदवले. उतारवयातला माणूस उताणा झोपून मोठ्याने घोरत असतो. मध्येच घशातला अडथळा त्याच्या श्वासाला पार करता येत नाही. दोन, तीन, कधी चार श्वासांचा वेळ अगदी शांततेत जातो. छाती हलत असते, पण हवा आत शिरत नाही. शेवटी मोठा आवाज होऊन हवा घुसते आणि पुढचे काही श्वास खोल घेऊन शरीर तूट भरून काढते.

आज या विकाराला ऑब्स्ट्रक्टिव्ह स्लीप ॲप्निया म्हणतात आणि ब्रॉडबेंट यांचे वर्णन त्याला तंतोतंत लागू पडते. झोपेत मिटणारा घसा आणि मेंदूत फुटणारी रक्तवाहिनी या दोन गोष्टी त्या लेखात शेजारी शेजारी आल्या होत्या. पण त्यांचा एकमेकींशी काही संबंध असेल, हे वैद्यकाच्या ध्यानात यायला जवळपास शंभर वर्षे लागली. डॉक्टर रुग्णाला तपासत ते दिवसा, जागेपणी. नाडी, छाती, जीभ, लघवी सगळे पाहिले जाई. रुग्ण आयुष्याचा तिसरा हिस्सा ज्या अवस्थेत घालवतो, ती अवस्था मात्र कोणी तपासत नसे. ती तपासण्यासाठी ज्यांनी रात्री जागवल्या, त्यांचा हा इतिहास आहे.

झोपाळू लठ्ठ माणूस तोवर साहित्यात येऊन गेला होता. चार्ल्स डिकन्स यांची ‘पिकविक पेपर्स’ ही कादंबरी १८३६-३७ मध्ये हप्त्याहप्त्याने प्रसिद्ध झाली. तिच्यातला ‘जो’ हा गुबगुबीत पोऱ्या उभ्या उभ्या झोपतो, कामावर असताना घोरतो. वाचक हसले आणि पुढे गेले. आपल्याकडे तरी वेगळे काय होते? घोरणाऱ्याला कुंभकर्ण म्हणायचे आणि विषय संपवायचा. हाक मारूनही जागा न होणारा माणूस आजारी असेल, अशी शंका कोणाच्या मनात येत नसे.

ती शंका १९५६ मध्ये बॉस्टनच्या डॉक्टरांना आली. तिथल्या पीटर बेंट ब्रिगहॅम रुग्णालयात ५१ वर्षांचा एक व्यावसायिक दाखल झाला होता. वजन खूप वाढलेले, सततचा थकवा आणि अनावर झोप. आठवड्यातून एकदा तो मित्रांबरोबर पोकर खेळत असे. अशाच एका डावात त्याच्या हाती तीन एक्के आणि दोन राजे आले. पोकरमध्ये अशी पाने क्वचितच येतात आणि खेळणारा त्यावर जास्तीत जास्त पैसे लावतो. हा गृहस्थ पाने हातात धरून झोपी गेला. आपले काहीतरी बिघडले आहे, हे त्याला त्या डावाने पटवले. हार्वर्डच्या वैद्यकीय विद्यालयाचे माजी अधिष्ठाता सिडनी बर्वेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हा रुग्ण वैद्यकीय नियतकालिकात मांडला आणि डिकन्सच्या कादंबरीवरून या दुखण्याला ‘पिकविकियन सिंड्रोम’ हे नाव दिले.

निदान मात्र अर्धेच बरोबर निघाले. चरबीच्या ओझ्यामुळे श्वास उथळ होतो, रक्तात कार्बन डायऑक्साइड साचतो आणि त्याने गुंगी येते, असे त्यांनी मानले. तपासण्या जागेपणीच्या होत्या, म्हणून उत्तरही जागेपणातच शोधले गेले. रुग्ण रात्री झोपला की त्याच्या घशात काय होते, हे पाहायला कोणी थांबले नव्हते.

थांबले ते मेंदूचे आलेख काढणारे डॉक्टर. मेंदूतल्या विद्युतलहरी कागदावर उमटवणारे यंत्र तोवर युरोपातल्या मोठ्या रुग्णालयांत रुळले होते आणि फिट्सच्या रुग्णांचे आलेख झोपेतही काढले जात. १९६५ मध्ये फ्रान्समधल्या मार्सेय शहरात आँरी गास्तो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी, तर जर्मनीतल्या फ्रायबुर्गमध्ये रिचर्ड युंग आणि वोल्फगांग कुहलो यांनी, पिकविकियन रुग्णांना तारा जोडून झोपवले. मेंदूच्या लहरींबरोबर श्वासाचीही नोंद ठेवली. दोन्हीकडे एकच दृश्य दिसले. झोप लागली की श्वास थांबतो. काही सेकंदांनी मेंदू क्षणभर जागा होतो, घसा उघडतो, श्वास सुरू होतो आणि माणूस पुन्हा झोपेत जातो. मग श्वास पुन्हा थांबतो. रात्रभरात हे शेकडो वेळा घडत होते आणि सकाळी रुग्णाला त्यातले काहीही आठवत नव्हते. दिवसाच्या पेंगेचे कारण या तुकड्या तुकड्यांच्या झोपेत होते.

घसाच का मिटतो, याचेही उत्तर हळूहळू उलगडले. नाकाच्या मागच्या बाजूपासून स्वरयंत्रापर्यंतच्या मार्गाला हाडाचा किंवा कूर्चेचा पक्का आधार नाही. जीभ, टाळू आणि घशाचे स्नायू तो उघडा धरून ठेवतात. झोपेत हे स्नायू सैल पडतात. ज्याचा मार्ग मुळातच अरुंद, मग तो मानेवरच्या चरबीमुळे असो, मागे असलेल्या जबड्यामुळे असो की सुजलेल्या टॉन्सिल्समुळे, त्याने श्वास जोराने ओढला की कागदाची ओली नळी चोखताना चिकटते तसा घसा चिकटून बंद होतो. म्हणून लठ्ठपणा हे मोठे कारण असले, तरी हा विकार शिडशिडीत माणसालाही होतो.

रक्तवाहिन्यांचा धागा सापडला तो इटलीत. बोलोन्या विद्यापीठात एलिओ लुगारेसी आणि जॉर्जिओ कोकान्या या मज्जाविकारतज्ज्ञांनी श्वास आणि मेंदूच्या नोंदींबरोबर आणखी एक नोंद ठेवायची ठरवली. रुग्णाच्या धमनीत आणि फुप्फुसाकडे जाणाऱ्या रक्तवाहिनीत बारीक नळ्या घालून त्यांनी रात्रभर दोन्हीकडचा दाब मोजला. निरोगी माणसाचा रक्तदाब झोपेत उतरतो. साधारण १० ते २० टक्क्यांची ही घट म्हणजे धमन्यांना मिळणारी रोजची विश्रांती. या रुग्णांच्या कागदावर मात्र श्वासाची रेघ सपाट झाली की दाबाची रेघ चढू लागे. श्वास परत सुरू होताना ती शिखरावर पोचे, मग खाली येई आणि पुढच्या अडथळ्याबरोबर पुन्हा वर चढे. फुप्फुसातल्या रक्तवाहिन्यांचीही तीच गत. ज्या वेळी धमन्या विसावायच्या, त्याच वेळी त्यांना पहाटेपर्यंत हिसके बसत होते. हे निष्कर्ष १९७२ मध्ये जगापुढे आले. त्याच वर्षी लुगारेसी यांनी रिमिनी येथे या विषयावर परिषद भरवली आणि इथून स्लीप ॲप्निया हा हृदयाच्या आणि रक्तवाहिन्यांच्या डॉक्टरांचाही विषय झाला.

त्या वर्षाच्या सुरुवातीला क्रिस्तियाँ गिलेमिनो हे तरुण फ्रेंच डॉक्टर अमेरिकेत स्टॅनफर्ड विद्यापीठात विल्यम डेमेंट यांच्या निद्राविकार चिकित्सालयात रुजू झाले. त्यांच्या पहिल्या काही रुग्णांत दहा-अकरा वर्षांचा एक मुलगा होता. त्याचा रक्तदाब फार वाढलेला होता आणि दिवसभर त्याला झोप आवरत नसे. झोपेच्या नोंदीत ॲप्निया स्पष्ट दिसला. त्या काळी उपाय एकच होता, ट्रेकिऑस्टॉमी. गळ्याला पुढून छिद्र पाडून श्वासनलिकेत नळी बसवायची, म्हणजे हवा मिटलेल्या घशाला वळसा घालून आत जाते. फ्रायबुर्गच्या गटाने १९६९ मध्ये त्याचा गुण दाखवून दिला होता. पण मूल घोरते म्हणून त्याच्या गळ्याला भोक पाडायचे, ही कल्पना बालरोगतज्ज्ञांच्या पचनी पडेना. आधी औषधे देऊन पाहिली. ती लागू पडली नाहीत. अखेर शस्त्रक्रिया झाली आणि थोड्याच दिवसांत मुलाचा रक्तदाब उतरला, पेंगही गेली.

औषधांनी न उतरलेला रक्तदाब केवळ हवेची वाट मोकळी केल्याने उतरतो, याचा अर्थ त्याचे मूळ त्या वाटेतच होते. १९७६ मध्ये गिलेमिनो, हृदयरोगतज्ज्ञ आरा टिल्कियन आणि डेमेंट यांनी ‘स्लीप ॲप्निया सिंड्रोम्स’ या नावाने हा विकार मांडला. श्वास किमान १० सेकंद थांबला तर तो ॲप्निया, हे मापही याच काळात रूढ झाले. पिकविकचे नाव मागे पडले, हे योग्यच झाले. आजाऱ्याला विनोदी पात्राचे नाव चिकटवणे कधीच शोभणारे नव्हते.

निदान आले, पण उपचार मात्र अघोरीच राहिला. गळ्यातली उघडी नळी घेऊन पोहता येत नाही, नीट बोलता येत नाही, तिची रोज निगा राखावी लागते. अनेक रुग्ण तिला नकार देत. १९८० च्या जूनमध्ये सिडनीच्या रॉयल प्रिन्स आल्फ्रेड रुग्णालयात बांधकामावर काम करणारा असाच एक रुग्ण आला. ॲप्निया तीव्र होता, ट्रेकिऑस्टॉमी सुचवली गेली आणि त्याने ती नाकारली. तिथले डॉक्टर कॉलिन सलिव्हन नुकतेच कॅनडातून परतले होते. टोरांटोला एलियट फिलिपसन यांच्याबरोबर कुत्र्यांच्या झोपेतल्या श्वासाचा अभ्यास करताना त्यांनी कुत्र्यांच्या नाकावर बसणारे मुखवटे वापरले होते. नाकातून किंचित दाबाने हवा सतत आत सोडली तर ती हवाच घशाला आतून उघडे धरील, असे त्यांच्या मनात आले.

साधने जमवाजमव करून तयार झाली. घर झाडायच्या व्हॅक्यूम क्लीनरची मोटर घेतली, पण तिला हवा ओढायला न लावता फुंकायला लावले. नाकाचा साचा घेऊन मुखवटा घडवला आणि तो सिलिकॉनच्या लुकणाने चेहऱ्याला चिकटवला. रुग्ण झोपला, नेहमीप्रमाणे श्वास अडू लागला. सलिव्हन यांनी दाब हळूहळू वाढवला आणि अडथळे थांबले. दाब कमी केला तर ते परत आले, वाढवला तर पुन्हा गेले. त्या रात्री तो माणूस तासन्‌तास सलग झोपला आणि सकाळी ताजातवाना उठला. अशा पाच रुग्णांचा अहवाल १८ एप्रिल १९८१ च्या ‘लॅन्सेट’मध्ये आला. ४.५ ते १० सेंटिमीटर पाण्याच्या स्तंभाइतका दाब पुरेसा होता. हाच आजचा सीपॅप. सुरीशिवाय घसा उघडा ठेवता येतो, हे कळल्यावर हजारो रुग्ण तपासणीला तयार झाले.

आता पुढचा प्रश्न. मोजक्या रुग्णांत दिसते ते साऱ्या समाजात खरे आहे का? लुगारेसी यांनी त्याचाही पाया घातला होता. इटलीने वेढलेल्या सान मारिनो या चिमुकल्या देशातल्या ५,७१३ लोकांची पाहणी करून १९८० मध्ये त्यांनी दाखवले, की रोज घोरणाऱ्यांत उच्च रक्तदाब जास्त आढळतो. यावर आक्षेप ठरलेला होता. घोरणारे बहुतेक लठ्ठ असतात, लठ्ठांना रक्तदाब असतोच, मग घोरण्याचा दोष कसला?

हा आक्षेप टोरांटोत फिलिपसन यांच्याच प्रयोगशाळेने तपासला. चार कुत्र्यांच्या श्वासनलिकेत झडप बसवली आणि कुत्रा झोपला की ती मिटेल, जागा झाला की उघडेल अशी व्यवस्था केली. लठ्ठपणाचा प्रश्नच उरला नाही. काही आठवड्यांत त्यांचा रक्तदाब रात्रीच नव्हे, दिवसाही वाढलेला आढळला. त्याच कुत्र्यांना दुसऱ्या टप्प्यात श्वास न अडवता केवळ आवाज करून वारंवार उठवले, तेव्हा रात्रीचा दाब चढला, पण दिवसाचा चढला नाही. झोपमोड एवढेच कारण पुरत नाही, श्वास कोंडणे हे खरे कारण आहे, असे १९९७ च्या या प्रयोगाने सिद्ध केले.

दरम्यान माणसांमधली नोंदही बोलू लागली होती. अमेरिकेतल्या आयोवा विद्यापीठात विरेंद सोमर्स आणि सहकाऱ्यांनी रुग्णांच्या पायातल्या मज्जातंतूत सुई घालून, रक्तवाहिन्या आवळण्याचा हुकूम देणाऱ्या सिम्पथेटिक मज्जातंतूंची हालचाल झोपेत टिपली. श्वास थांबला की हे तंतू धडाधड संदेश सोडत. जागेपणी सरासरी ९२ असलेला धमनीदाब (वरच्या आणि खालच्या आकड्यामधली ही सरासरी) स्वप्नांच्या झोपेत १२७ पर्यंत उसळत होता. शिवाय या रुग्णांचे तंतू दिवसा, शांत बसल्यावरही निरोग्यांपेक्षा जास्त चालू होते. १९९५ मध्ये हे प्रसिद्ध झाले आणि रात्रीचे दुखणे दिवसा का रेंगाळते, याचा उलगडा झाला.

धमनीवर तीन बाजूंनी मारा होतो. रक्तातला ऑक्सिजन खाली जातो आणि झटक्यात परत येतो, या चढउतारात पेशींना जाळणारे घटक तयार होतात. सिम्पथेटिक तंतू रक्तवाहिन्या आवळत राहतात. मिटलेल्या घशाविरुद्ध छाती फुगवताना छातीच्या आतला दाब खूप घटतो आणि हृदयावर व महाधमनीवर ताण येतो. या सगळ्याची झळ लागते ती धमनीच्या आतल्या नाजूक अस्तराला. हे अस्तर नायट्रिक ऑक्साइड सोडून धमनी सैल ठेवत असते. हाँगकाँगमधल्या संशोधकांना २००० मध्ये ॲप्नियाच्या रुग्णांत हे द्रव्य कमी आढळले आणि सीपॅप लावल्यावर ते वाढले. २००७ मध्ये ब्राझीलच्या साओ पावलो शहरात २४ रुग्णांवर झालेल्या चाचणीत चार महिन्यांच्या सीपॅपने मानेतल्या धमनीच्या भिंतीची जाडी कमी झाली.

साऱ्या समाजाच्या प्रश्नाचे उत्तरही याच काळात मिळत गेले. अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन राज्यात टेरी यंग यांच्या गटाने ३० ते ६० वयाच्या नोकरदारांना प्रयोगशाळेत झोपवून तपासले. दिवसा झोप अनावर होण्याइतका ॲप्निया ४ टक्के पुरुषांत आणि २ टक्के स्त्रियांत आहे, असे १९९३ मध्ये जाहीर झाले, तेव्हा हा विरळा आजार नाही हे डॉक्टरांना मान्य करावे लागले. त्याच गटाने ७०९ जणांवर चार वर्षे लक्ष ठेवून २००० मध्ये दाखवले, की आज रात्री श्वास जितका जास्त अडतो, तितका पुढे रक्तदाब जडण्याचा धोका जास्त. वय, वजन, मानेचा घेर हे सगळे हिशेबात धरूनही हे खरे ठरले. २००१ मध्ये टोरांटोत अनेक औषधांना दाद न देणाऱ्या रक्तदाबाचे ४१ रुग्ण तपासले, त्यांतल्या ८३ टक्क्यांना ॲप्निया निघाला. २००३ मध्ये अमेरिकेच्या रक्तदाबविषयक राष्ट्रीय मार्गदर्शिकेने उच्च रक्तदाबाच्या शोधता येण्याजोग्या कारणांत स्लीप ॲप्नियाचा समावेश केला. २००५ मध्ये येल विद्यापीठाच्या पाहणीत ॲप्नियाच्या रुग्णांना पक्षाघात किंवा मृत्यू येण्याचा धोका जवळपास दुप्पट आढळला. ब्रॉडबेंट यांच्या लेखातल्या दोन गोष्टी १२८ वर्षांनी एका आकड्यात जुळल्या.

महाराष्ट्र या इतिहासात आला तो २००४ मध्ये. मुंबईच्या हिंदुजा रुग्णालयातले डॉ. झरीर उदवाडिया आणि सहकाऱ्यांनी शहरातल्या ३५ ते ६५ वयाच्या, स्वतःला निरोगी समजणाऱ्या पुरुषांच्या झोपेची त्यांच्या घरीच नोंद केली. १९.५ टक्क्यांना झोपेत श्वासाचा अडथळा होता आणि ७.५ टक्क्यांना त्याबरोबर दिवसा अनावर झोपही होती. हा पाश्चात्त्यांचा आजार आहे, असे म्हणायला त्यानंतर जागा उरली नाही.

इतिहासाचा शेवटचा टप्पा मात्र डॉक्टरांना खाली मान घालायला लावणारा ठरला. सीपॅपने हृदयविकाराचा झटका आणि पक्षाघात टळतो का, हे ठरवण्यासाठी भारतासह सात देशांत ‘सेव्ह’ नावाची चाचणी झाली. हृदयाचा किंवा मेंदूच्या रक्तवाहिन्यांचा विकार आधीच असलेले २,७१७ रुग्ण तिच्यात होते. २०१६ मध्ये निकाल आला. पेंग कमी झाली, मनःस्थिती सुधारली, पण झटके आणि पक्षाघात कमी झाले नाहीत. यंत्राचा सरासरी वापर रात्री ३.३ तास, म्हणजे निम्म्याहून अधिक झोप यंत्राविना होत होती. अतिशय पेंग येणारे रुग्ण चाचणीत घेतलेलेही नव्हते. २०२३ मध्ये तीन चाचण्यांतल्या ४,१८६ रुग्णांचा एकत्र हिशेब मांडला, तेव्हा रोज चार तास किंवा जास्त यंत्र लावणाऱ्यांत असे प्रसंग कमी दिसले. नेमाने उपचार घेणारी माणसे इतर बाबतींतही काळजी घेणारी असतात, म्हणून या निकालालाही अंतिम शब्द म्हणता येत नाही.

तरी एवढे निश्चित झाले आहे. ॲप्निया रक्तदाब वाढवतो, धमनीचे अस्तर बिघडवतो आणि त्याच्यावर उपचार आहे. यंत्र कपाटात ठेवून तो होत नाही. वजन उतरवणे, दारू सोडणे, कुशीवर झोपणे, मुलांचे वाढलेले टॉन्सिल्स वेळेवर काढणे, यांनीही अनेकांचा त्रास कमी होतो. तपासणी आता घरच्या अंथरुणावर होते. घरात कोणी मोठ्याने घोरत असेल, घोरता घोरता एकदम गप्प होऊन दचकून श्वास घेत असेल, सकाळी डोके जड घेऊन उठत असेल, तीन औषधे घेऊनही त्याचा रक्तदाब हटत नसेल, तर हे सगळे डॉक्टरांना सांगायला हवे. रुग्णाला स्वतःला यातले काही माहीत नसते. म्हणून डॉक्टरांकडे जाताना त्याच्या खोलीत झोपणाऱ्या माणसाने बरोबर जावे आणि रात्री जे ऐकले ते जसेच्या तसे सांगावे.